सीच्या प्रॅक्टिकलला ₹ चालत नाही म्हणे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या देवगडात कॉम्प्युटर शिकणारी पोरं हापूसच्या सीझनला घरच्या पेट्यांचं बिल करायला सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्रोग्राम लिहितात, चांगलंच आहे, पण त्यात ₹ छापायला गेलं की स्क्रीनवर तीन भलतीच चिन्हं उमटतात आणि कॉलेजात सांगतात की आरएस लिहा, सीमधे ते होत नाही. होतं हो! अडतं ते टर्बो सी या जुन्या कंपायलरमुळे, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून देणाऱ्या साधनामुळे. तो विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातला, 64 बिट विंडोजवर सरळ चालतसुद्धा नाही म्हणून डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम टाकून चालवतात, त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, एकूण 256 चिन्हं, आणि रुपयाचं चिन्ह आलं 2010 साली, मग त्यात सापडणार कुठून? तरी नोट्समधे तक्ते पाठ करायला देतात, 248 नंबरचा बाइट म्हणजे डिग्रीचं चिन्ह वगैरे. ते आयबीएमच्या कोड पेज 437 या जुन्या चिन्हांच्या तक्त्यापुरतं, आजच्या लिनक्सवर तोच बाइट छापला तर बहुतेक काळं प्रश्नचिन्ह दिसेल.

प्रिंटएफ (सीमधली छापायची आज्ञा) नुसते बाइट पुढे ढकलतं, त्यांचं अक्षर करून दाखवायचं काम टर्मिनलचं, म्हणजे प्रोग्राम चालतो त्या खिडकीचं. फाइल यूटीएफ-8 मधे (युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणारी पद्धत, ती बाइटमधे लिहायची रीत) सेव्ह करून जीसीसी हा आजचा कंपायलर वापरला की ₹ थेट अवतरणात टाकला तरी छापला जातो, विंडोजवर आधी खिडकीला यूटीएफ-8 वर आणणारी सीएचसीपी 65001 ही आज्ञा द्यायची बस. (तिथल्या जुन्या काळ्या खिडकीत मराठी जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, तो ताप वेगळा.) ₹ तीन बाइटचा, देवनागरीतलं अक्षर, काना, वेलांटी, हलन्त सगळं तीन-तीन बाइटचं, म्हणून बाइट मोजणाऱ्या स्ट्रलेनने 'रत्नागिरी'ची लांबी काढली तर 27 येते. हे एकदा वर्गात करून दाखवा ना, युनिकोड काय ते पोरांना तिथेच कळेल.

आणि पाठच करून घ्यायचं तर % चं घ्या. "10% सूट" असं प्रिंटएफमधे लिहिलं तर तो % फॉरमॅटची खूण धरला जातो, काय छापेल भरवसा नाही, तिथे %% लागतं. बॅकस्लॅश किंवा दुहेरी अवतरण छापायचं तर आधी एक बॅकस्लॅश. हे कुठल्याही कंपायलरवर चालतं.

लिनक्स फुकट, जीसीसी फुकट, लॅबमधल्या जुन्या मशीनवरही चालतात, खर्चाचं कारण कोणी सांगू नये. लॅब बदलायला वेळ लागेल हे कळतं, पण तोवर निदान घरी जीसीसीवर प्रोग्राम करून आणणाऱ्या पोरांचे मार्क तरी कापू नका.

आपला,
एक पालक, देवगड