कपाटावरच्या कात्रणाबद्दल

तीर्थरूप आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

पोचल्याचा फोन केला तेव्हा "सगळं ठीक आहे" एवढंच बोलणं झालं. पुढचं फोनवर सांगण्यासारखं नाही. बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई पदरचं घालून पुरं करते. मी "दमले" म्हटलं की बाबांपर्यंत "मजेत आहे" पोचतं. म्हणून पत्र. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झाल्यामुळे बाबांना अजून वाचायची परवानगी नसेल, तेव्हा हेही आईच वाचून दाखवणार. पण निदान शब्द तरी माझे असतील.

आमचं विद्यार्थी पत्रकारांचं संमेलन ज्या इमारतीत आहे तिथे एका दालनातून दुसऱ्या दालनात जायला दहा मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी मी दोनदा चुकले आणि एकदा तर दंतवैद्यांच्या परिषदेत जाऊन बसले. शेजारी त्यांचीही परिषद चालू आहे. पडद्यावर दाढेचं चित्र आल्यावर माझ्या लक्षात आलं. गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलंय, त्यावर माझ्या नावातली वेलांटी चुकलीय. पत्रकारांच्या संमेलनात! खोलीत आम्ही चौघी आहोत, चार वेगवेगळ्या कॉलेजांच्या. रात्री चार्जरवरून भांडतो आणि नंतर दोन वाजेपर्यंत आपापल्या संपादकांच्या नकला करतो. तेव्हा आई, मी एकटी पडले असेन ही काळजी काढून टाक.

उद्घाटनाचं भाषण उद्घाटनाच्या भाषणासारखंच होतं. मात्र त्या दुपारची फोटो पडताळणीची कार्यशाळा मी विसरणार नाही. शिकवणाऱ्या बाईंनी एका मोर्चाचा फोटो दिला आणि तो दिवसाच्या कोणत्या वेळी काढला ते शोधायला सांगितलं. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कधीकधी ठिकाणही नोंदलेलं असतं, पण व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवला की ही आतली नोंद पुसली जाते. (बाबा, तुमच्या गटात जे 'आत्ताचे' म्हणून फोटो येतात, त्यांचं हे असं आहे.) मग उरतात फोटोत दिसणाऱ्या खुणा: पाट्या, झाडं, सावल्या. आमच्या गटाने मागची इमारत नकाशावर शोधली, तिचं तोंड कुठे आहे ते पाहिलं, सावल्या कुठल्या दिशेला पडल्यात ते मोजलं आणि मोठ्या ऐटीत सांगितलं, सकाळचे आठ. फोटो संध्याकाळचा होता. कोणीतरी तो आरशासारखा उलटा करून पसरवला होता, त्यामुळे आमची पूर्व पश्चिमेला गेली होती. पाट्या अंधुक होत्या, त्यावरून कळायला मार्ग नव्हता. मग बाईंनी पुढच्या रांगेतल्या एका माणसाच्या शर्टावर बोट ठेवलं. पुरुषांच्या शर्टाची काजं डाव्या पट्टीवर असतात आणि बटणं उजव्या. या माणसाची उलटी होती. त्याच्या मागच्याचीही, त्याच्या शेजारच्याचीही. आई, चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेली तू तिथे असतीस तर खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं असतंस. मी हे मोठ्याने बोललेही. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आईलाच पाठव."

पनामा पेपर्सवर एक सत्र होतं. पनामातल्या एका कायदा कंपनीची, परदेशांतल्या कंपन्यांत पैसा दडवण्याच्या व्यवहारांची, 2016 मध्ये बाहेर आलेली ती 1 कोटी 15 लाख कागदपत्रं, आणि ती चाळणारे अनेक देशांतले, एरवी एकमेकांवर कुरघोडी करणारे शेकडो बातमीदार. ते जवळजवळ वर्षभर गप्प राहिले, कुणीही आधी फोडलं नाही. आमच्या अंकात तिघांना एक गोष्ट माहीत झाली की संध्याकाळपर्यंत कॅन्टीनला कळते. गर्दीत वार्तांकन करताना कडेला उभं राहायचं, बाहेर पडायची वाट आधीच हेरून ठेवायची, एक फोन नंबर पेनाने हातावर लिहायचा, हेही शिकवलं. आई, हे तुला घाबरवायला नाही सांगत. उलट आहे.

नोकरीचं विचाराल म्हणून सांगते. त्यावरही सत्र होतं आणि बोलणाऱ्याने काही लपवलं नाही. छापील अंकांच्या जाहिराती इंटरनेटने खाल्ल्या, बातमीदारांच्या जागा कमी झाल्या, सुरुवातीचा पगार फार नसतो. बाबांची शंका खोटी नव्हती. माझ्याकडे आज तरी तिला उत्तर नाही, आणि नाही त्याचं सोंग मी करणार नाही.

आता खरं कारण.

दुसऱ्या दिवशी अंक-परीक्षण होतं. प्रत्येक कॉलेजच्या अंकाला वीस मिनिटं आणि समोर एक अनुभवी संपादक. आम्हाला मिळाल्या त्या बाईंनी तीस वर्षं शहरातल्या बातम्यांचं डेस्क सांभाळलं आहे. मी आमचा तोच अंक नेला होता, ज्याच्या पहिल्या पानावर माझ्या नावानिशी वसतिगृहातल्या चोरीची बातमी आहे. तुम्ही कात्रण काढून कपाटाच्या दारावर चिकटवलंय ती. 'पहारेकरी झोपेत, चोर जोरात.' आल्यागेल्याला बाबा तो मथळा वाचून दाखवतात हे आईने मला सांगितलंय.

बाईंनाही मथळा आवडला. हसल्या. मग पेन उघडून विचारलं, "तो झोपला होता हे कोणी पाहिलं?"

मी म्हटलं, दोन मुलींनी.

"दोघींनी पाहिलं?"

एकीने दाराजवळची खुर्ची रिकामी पाहिली होती. दुसरीने पहिलीकडून ऐकलं होतं. तिथे बसून मोठ्याने सांगताना मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्याकडे एक रिकामी खुर्ची होती, बाकी काही नव्हतं. 'झोपलेला' हा शब्द मुळात त्या मुलींचाही नव्हता. एक म्हणाली होती, "झोपायला गेला असेल." त्यातला 'असेल' मी काढून टाकला. वाक्य सुटसुटीत झालं आणि मथळ्यात यमकही जुळलं.

मग त्यांनी शेवटच्या ओळीभोवती गोल काढला. 'सुरक्षारक्षकाशी संपर्क होऊ शकला नाही.' विचारलं, "किती वेळा प्रयत्न केलास?" एकदा. पान लावायच्या दिवशी दुपारी मी दारापाशी गेले होते, तेव्हा त्याची पाळी नव्हती. त्याचा नंबर मागितला नाही. रात्री परत गेले नाही. मी ते वाक्य लिहिलं, कारण वर्तमानपत्रांत ते नेहमी लिहिलेलं असतं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग हे वाक्यही खोटंच की." आणि पान उलटून आतल्या क्रीडावृत्ताबद्दल बोलायला लागल्या.

त्यानंतरचं सत्र नेमकं चुका आणि खुलाशांवर होतं. माझं अर्धं लक्ष नव्हतं, तरी एक गोष्ट डोक्यात रुतून बसली. रॉबर्ट गोडार्ड नावाचे एक शास्त्रज्ञ अग्निबाणावर प्रयोग करत होते. 1920 च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने त्यांची अग्रलेखातून टर उडवली. अवकाशातल्या निर्वात पोकळीत अग्निबाण चालूच शकत नाही, एवढं तर शाळेतल्या पोरांनाही कळतं, असा त्याचा सूर होता. गोडार्ड 1945 मध्ये गेले. 17 जुलै 1969 ला, म्हणजे अपोलो 11 चंद्राकडे झेपावल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच वृत्तपत्राने छोटा खुलासा छापला: अग्निबाण पोकळीतही चालतो हे आता सिद्ध झालं आहे, चुकीबद्दल खेद वाटतो. सभागृहात सगळे हसले. हसण्यासारखंच आहे ते. मला मात्र दिसत होतं की एकोणपन्नास वर्षांनी खेद वाटला तेव्हा ज्याच्याजवळ तो व्यक्त करायचा तो माणूसच उरला नव्हता. आमचा पहारेकरी तर वसतिगृहाच्या मागच्या बाजूला राहतो.

मग 1948 सालचा शिकागो डेली ट्रिब्यूनचा तो प्रसिद्ध अंकही दाखवला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूई जिंकले असा मोठा मथळा, आणि तोच अंक हातात उंच धरून हसणारे ट्रुमन, जे खरोखर जिंकले होते. छपाई कामगारांच्या संपामुळे अंक लवकर छापायला सोडावा लागत होता आणि निकाल पुरते हाती यायच्या आधीच मथळा ठरला. बाबांना तो फोटो नक्की आवडेल, आल्यावर दाखवते. पण ट्रुमनना अंक हातात घेऊन हसता आलं, कारण ते राष्ट्राध्यक्ष होते. पहाऱ्याच्या खुर्चीवर बसणाऱ्याने काय करायचं?

त्या रात्री खोलीतल्या तिघी शहर बघायला गेल्या. मी गेले नाही. सुरक्षारक्षकांच्या पर्यवेक्षकाला फोन करून त्या पहारेकऱ्याचा नंबर मिळवला. जो नंबर मिळवायला तेव्हा मला वेळ नव्हता, तो मिळायला चार मिनिटं लागली.

फोन लावल्यावर पहारेकरी म्हणाला, "मॅडम, आत्ता विचारताय?"

रागाने म्हणाला नाही. त्या रात्री मागच्या फाटकावरचा माणूस आलाच नव्हता, म्हणून याला दोन्ही फाटकं बघायला सांगितली होती. दर तासाला मागे जाऊन तिथल्या वहीत सही करायची, परत पुढे यायचं. खुर्ची रिकामी दिसली तेव्हा तो मागे होता, असं त्याचं म्हणणं. बातमी आल्यावर चौकशी न करताच त्याचा पंधरा दिवसांचा पगार कापला आणि त्याला कायमचं रात्रपाळीवर टाकलं. मी माफी मागितली. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग विचारलं, "हे पण छापणार का?"

छापणार. पण आता मला त्याचंही म्हणणं नुसतं ऐकून छापायचं नाही. एकदा मुलींचं ऐकून लिहिलं, आता त्याचं ऐकून लिहिलं तर मी तिथल्या तिथेच. ती मागच्या फाटकाची वही मला बघायची आहे. आणि इथे बाबा, तुमचं काम आहे. तुम्ही आख्खी नोकरी आवक-जावकच्या वह्यांवर काढलीत. एखादी नोंद त्या त्या वेळी केलेली आहे की कुणी मागाहून घुसडली आहे, हे कशावरून ओळखायचं? शाई, अनुक्रमांक, ओळींमधली जागा, आणखी काय काय बघतात? लहानपणी तुम्ही जेवायला बसल्यावर साहेबांच्या मागच्या तारखेच्या सह्यांबद्दल बोलायचात तेव्हा मी कंटाळायचे. आता सविस्तर सांगा. आईला लिहून घ्यायला लावा, फोनवर नको.

आमच्या विद्यार्थी संपादकाला मी कालच कळवलं. तो म्हणतो, चौथ्या पानावर तळाला दोन ओळी टाकू, उगाच अंकाची शोभा नको. मी म्हटलं, चूक पहिल्या पानावर झालीय तर दुरुस्तीही पहिल्या पानावर यायला हवी, आणि नेमकं काय चुकलं ते त्यात हवं. 'अनवधानाने' हा शब्द नको, कारण अनवधान नव्हतं, आळस होता. अजून वाद मिटलेला नाही. परत गेल्यावर समोरासमोर बसू. त्याने नाही ऐकलं तर काय करायचं ते मी ठरवलेलं नाही.

आज सकाळी मी ओळखपत्राच्या टेबलाशी गेले आणि वेलांटी दुरुस्त करून मागितली. तिथला मुलगा म्हणाला, "आता तिसऱ्या दिवशी?" पण पेनाने करून दिली.

उद्या दुपारच्या गाडीने निघते. आधी वसतिगृहावर जाईन, शनिवारी घरी. बाबा, डोळ्यात औषध वेळेवर घालत जा, आणि शेजारच्या काकांना तो मथळा आता वाचून दाखवू नका. पण कात्रण कपाटावरून काढूही नका. त्याच्या खाली वीतभर जागा आहे, माझ्या लक्षात आहे. तिथे दुसरं काही चिकटवू नका. खुलासा छापला की अंक घेऊन येते.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, वाचून दाखवताना मधलं गाळू नकोस. शनिवारी आले की मी बाबांना विचारणार आहे.