पुस्तकांचे पोते नको पाठवू

प्रिय दोस्ता,

शाळेसाठी दोन पोते पुस्तकं पाठवतो म्हणतोस. थांब लेका! मागे एका भल्या माणसाने असंच खोकं पाठवलं. आत निघाली स्पर्धा परीक्षेची गाईडं. तिसरीतल्या पोट्ट्यांनी त्याचं काय लोणचं घालावं?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय, प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं. वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत. त्यामुळे कपाट बहुतेक ठिकाणी दिसतं. घोडं अडतं किल्लीपाशी. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, या धाकाने कुलूप लागतं, ते वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबरला, फोटोपुरतं निघतं. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयाचा पहिला नियम सांगून ठेवलाय की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आपल्याकडे ती स्टॉक रजिस्टरसाठी असतात.

आम्ही कपाटाची दारंच काढली. पातळ पुस्तकं दोरीवर चिमट्याने टांगली, पहिलीच्या पोराचा हात पोचेल अशी. देवघेवीची वही चौथीच्या पोरी सांभाळतात, आणि त्या माझ्यापेक्षा कडक आहेत बाप्पा! शनिवारी मैद्याची खळ करून फाटकी पुस्तकं चिकटवतो. सध्या कापूस वेचणी चालू आहे. मायबाप दिवसभर वावरात, पोरं घरी धाकट्यांना धरून. म्हणून या दिवसांत पुस्तक परत द्यायची घाई करत नाही. परवा एक पोरगी मांजराची गोष्ट पुन्हा मागायला आली. पानावर हळदीचं बोट उमटलेलं, कोपरे दुमडलेले. म्हटलं, नवीन ने. तर म्हणते, "नाही सर, मले हेच पायजे. आजीले अर्धंच सांगून झालं." आजीला अक्षर येत नाही. ही पोरगी वर्गात मोठ्याने वाचायला उभी केली की रडायची.

कोणाच्या हाती कोणतं पुस्तक द्यायचं, हे ओळखणारं माणूस हवं. ते असलं की शंभर पुस्तकांतही भागतं, नसलं तर हजारही धूळ खातात. (आमच्या वाचन तासाला साहेब लोक 'रिकामा तास' म्हणतात, ते वेगळंच दुखणं.)

तर तू एवढंच कर. मोठ्या अक्षरांची, भरपूर चित्रांची, पंधरा-वीस पानांची पुस्तकं बघ. आवडती असतील तर एकेकाच्या दोन प्रती घे. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक मिळाले तर सोनं; १९७१ पासून निघतंय ते, तुझ्या घरी माळ्यावर असतीलच. बोधकथा नको, त्या ढिगाने आहेत.

पार्सल एसटीने पाठव. आणि निघायच्या आधी फोन कर, म्हणजे स्टँडवर कोणाला तरी उभं करतो.

तुझाच,
मास्तर