किनारी रस्त्याला थांबे हवेत

महोदय,
आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आरे-वारेमार्गे रत्नागिरी ते गणपतीपुळे या मोटारप्रवासाविषयी आलेला लेख वाचला. वर्णन यथार्थ आहे. मात्र मनाला येईल तेथे गाडी थांबवून समुद्र पाहावा, हा त्यातील सल्ला मला धोकादायक वाटतो. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली समुद्र अशा या वळणावळणाच्या चढावर, देखावा जेथे सर्वांत सुंदर दिसतो नेमकी तेथेच उभे राहण्याची जागा अपुरी असल्याने, सुट्टीच्या दिवसांत गाड्या रस्त्यातच थांबतात आणि माणसे वळणावर छायाचित्रे घेत उभी राहतात. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून तेथे जाणाऱ्या आम्हा सातारा-सांगलीकरांचाही त्यात मोठा वाटा असतो.

केवळ पर्यटकांना दोष देऊन हे थांबणार नाही. २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झालेल्या आपल्या कास पठारावर फुलांच्या हंगामात वाहने दूरच्या वाहनतळावर थांबवली जातात, दिवसाच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा असते, आणि व्यवस्थेत स्थानिक गावकऱ्यांचा सहभाग असतो. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या कामात आज खाड्यांवरील पुलांचीच चर्चा अधिक होते. त्याच आराखड्यात वळणांपासून सुरक्षित अंतरावर कठडे, वाहनतळ आणि स्वच्छतागृहे असलेले थांबे आखून त्यांची देखभाल शुल्कासह त्या-त्या ग्रामपंचायतीकडे सोपवावी.

– एक वाचक, सातारा