कंपनी विका, पण जमीन कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी कंपन्या विकण्यावरून सध्या परत दोन टोकांची पत्रं येतायत, एकजण म्हणतो धंदा करणं सरकारचं कामच नाही, सगळं विकून मोकळे व्हा, दुसरा म्हणतो एक खिळा पण विकू देणार नाही. मी स्वतः एका सरकारी उपक्रमात अकाउंट्सला नोकरी करून रिटायर झालोय आणि माझा विक्रीला सरसकट विरोध नाहीये. एअर इंडियाच घ्या. ऑक्टोबर 2021 मधे टाटांची 18,000 कोटींची बोली मान्य झाली, त्यात रोख फक्त 2,700 कोटी, बाकीचं कर्ज त्यांनी अंगावर घेतलं आणि त्याच्याही वरचं जे कर्ज उरलं ते सरकारच्या म्हणजे आपल्याच डोक्यावर आलं. तरी विकली ते बरं केलं. आणि त्या व्यवहारात एक गोष्ट फार नीट झाली, जमिनी आणि इमारती टाटांना न देता वेगळ्या काढून सरकारी कंपनीकडे ठेवल्या.

हे आधी कुठे होत होतं? 2002 मधे मुंबई विमानतळाजवळचं सरकारी सेंटॉर हॉटेल 83 कोटींना गेलं आणि घेणाऱ्याने काही महिन्यातच ते 115 कोटींना पुढे विकलं. त्याच वर्षी व्हीएसएनएल, म्हणजे परदेशी फोन जोडणारी सरकारी कंपनी विकली, तिच्याकडे 773 एकर जादा जमीन होती, त्यातली 524 एकर एकट्या पुण्याच्या दिघीत. ती विक्रीत धरायची नाही, बाजूला काढायची असं ठरलं होतं, पण प्रत्यक्षात ती वेगळी व्हायला 2019 उजाडलं!

लोकांना वाटतं कंपनीच्या कागदावर जमिनीची किंमत असतेच की. कागदावर काय असतं ते सांगतो. फिक्स्ड अ‍ॅसेट रजिस्टरमधे, म्हणजे कंपनीच्या जमीन, मशिन, गाड्या वगैरे मालमत्तेच्या वहीत, जमिनीपुढे जो आकडा असतो तो ती घेतली त्या वेळचा. मशिनला घसारा लागतो म्हणजे दरवर्षी किंमत थोडी कमी धरतात, गाड्यांना लागतो, फ्रीहोल्ड म्हणजे पूर्ण मालकीच्या जमिनीला काहीच नाही, तोच आकडा वर्षानुवर्षं पुढच्या पानावर ओढायचा. मी जे रजिस्टर लिहायचो त्यात अख्ख्या आवाराची जमीन एका ओळीत होती, खालच्या ओळीत ऑफिसचे एसी होते, आणि एसींचा आकडा जमिनीपेक्षा मोठा होता. विकताना व्हॅल्युअर नेमतात, नाही असं नाही, पण चालू धंदा म्हणून मूल्य काढताना भर असतो पुढे नफा किती होईल यावर, आणि कंपनी तोट्यात असली की ते मूल्य पडतं. कुंपणाच्या आतली रिकामी एकरं मात्र तोट्यात नसतात ना.

शिवाय ती जमीन आली कुठून हे कोणी बोलतच नाही. बहुतेक ठिकाणी 1894 च्या भूसंपादन कायद्याने, सार्वजनिक प्रयोजन म्हणून शेतकऱ्यांकडून घेतलेली. पोराला कारखान्यात चिकटवता येईल या आशेवर कितीतरी जणांनी सह्या केल्या. आता ते प्रयोजनच संपलं असेल तर तिथे बिल्डरचे टॉवर उभे राहावेत हे मला तरी पटत नाही.

पैशांचं पण तेच. 2005 मधे राष्ट्रीय गुंतवणूक निधी काढला होता, विक्रीचे पैसे त्यात कायम ठेवायचे आणि खर्च करायचं ते फक्त त्यावरचं उत्पन्न, त्यातलं 75 टक्के शिक्षण, आरोग्य, रोजगारावर. चांगली कल्पना होती. 2009 मधे मुद्दलाला हात लावायची सूट काढली, तात्पुरती म्हणून, आणि पुढे तीच रीत पडली. पेरणीचं बियाणं दळून खायचा प्रकार आहे हा, आणि पक्ष कुठलाही असो दळण थांबलेलं नाही. वर बजेटमधे विक्रीची उद्दिष्टं अशी असायची की 2021-22 ला 1.75 लाख कोटी धरले आणि हातात 15,000 कोटी पण आले नाहीत. मग मार्च जवळ आला की घाई, आणि घाईत भाव कसा मिळतो ते विकणाऱ्याला विचारा.

2021 मधे 6 लाख कोटींची मॉनेटायझेशनची, म्हणजे सरकारी मालमत्तेतून पैसे उभे करायची योजना आली त्यात रस्ते, वीजवाहिन्या ठराविक मुदतीने चालवायला द्यायच्या आणि मालकी सरकारकडेच राहणार असं सांगितलं. मग कंपन्यांच्या जादा जमिनींना हाच नियम लावायला काय हरकत आहे? भाडेपट्ट्याने द्या, भाडं दरवर्षी येत राहील. आणि कुठलीही कंपनी विकायला काढताना बोली मागवायच्या आधी तिच्या जमिनींची सर्व्हे नंबरवार यादी, क्षेत्र आणि आजचा रेडी रेकनर भाव पेपरात जाहीर करा. आपल्या पेपरने महाराष्ट्रातल्या केंद्र सरकारच्या कंपन्यांपासून अशी यादी छापायला सुरुवात करावी ही विनंती, माहिती अधिकारात अर्ज करायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी