दुसऱ्या ड्राफ्टला पैसे कोण देणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाट्यगृहांची भाडी, गळकी छपरे, बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा यांवर आपल्या अंकात वरचेवर छापून येते आणि ते यायलाच हवे. पण या नाट्यगृहांत जी नवी नाटके व्हायची, ती कोण, कधी आणि कुणाच्या खर्चाने लिहितो याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. मी मराठवाड्यातल्या एका हौशी नाट्यसंस्थेची प्रॉम्प्टर, म्हणजे संहिता हातात धरून नटाला विसरलेले वाक्य पडद्याआडून सांगणारी. बँकेतून निवृत्त झाले, प्रॉम्प्टिंग काही सुटले नाही. तालमीत दिग्दर्शकाचे लक्ष नटांकडे असते, नटाचे स्वतःकडे. संहितेकडे रोज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत लक्ष असते ते फक्त प्रॉम्प्टरचे. त्यामुळे नाटक कुठे लंगडते आहे हे आम्हाला जरा आधी कळते, असा माझा समज आहे.

सरकार नाटकाला काहीच देत नाही, असे मी म्हणणार नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा साठाहून अधिक वर्षे चालू आहे, आणि ती नसती तर आमच्यासारख्या संस्था कधीच मोडीत निघाल्या असत्या. व्यावसायिक आणि प्रायोगिक नाटकांसाठीही अनुदान योजना आहे. पण तिची रीत पाहा. नाटक आधी उभे करायचे, मग समिती ते पाहणार, दर्जा ठरवणार आणि प्रयोगांच्या हिशेबाने पैसे देणार. म्हणजे पैसा येतो तो पडदा वर गेल्यानंतर. त्याआधीचे सहा-आठ महिने, ज्यात नाटक खरोखर घडते किंवा बिघडते, ते लेखकाच्या रजेवर आणि संस्थेच्या वर्गणीवर काढायचे. मुंबईचा निर्माता ते कसेबसे निभावून नेतो. जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावी ते जमत नाही, आणि म्हणून आम्ही मुंबई-पुण्यात गाजून गेलेल्या संहिता पुन्हा पुन्हा करतो. परीक्षक आम्हाला विचारतात, ‘तुमच्या मातीतले नाटक का करत नाही?’ प्रश्न बरोबर आहे. उत्तर खर्चाच्या वहीत आहे.

एक उदाहरण देते. एसटीच्या आगारात नोकरी करणाऱ्या आमच्या एका लेखकाने ऊसतोडीवर नाटक लिहिले. आईबाप कारखान्यावर गेलेले, गावात म्हातारी आणि तीन नातवंडे. पहिला अंक असा की वाचनाच्या दिवशी खोलीत कुणी हलले नाही. मजूर गोळा करणाऱ्या आणि त्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देणाऱ्या मुकादमाला म्हातारी म्हणते, ‘उचल देताना कोयता मोजलास, मागं राहिलेली लेकरं कुणी मोजली?’ दुसऱ्या अंकात मात्र मुकादम खुर्चीवर बसून भाषण करू लागतो. ते काम करणारा नट चांगला अनुभवी, तरी रोज त्याच दोन वाक्यांपाशी अडखळायचा. मी समासात पेन्सिलीने फुल्या मारत गेले. नट रोज एकाच जागी अडखळत असेल तर त्याच्या पाठांतराला दोष देऊ नये. ते वाक्य बहुतेक वेळा लेखकाचे असते, पात्राचे नसते. लेखकाला हे दिसत होतेच. त्याला पंधरा दिवस तोडणीच्या टोळीबरोबर उसाच्या फडात राहून मुकादम कसा बोलतो ते ऐकायचे होते आणि दुसरा अंक नव्याने लिहायचा होता. पण रजा शिल्लक नव्हती, रजेचा पगार द्यायची संस्थेची ऐपत नव्हती आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची तारीख डोक्यावर होती. आहे तसा प्रयोग झाला. एकच. नेपथ्याची फळकुटे आता कुणाच्या तरी जिन्याखाली आहेत. लेखक अजून आगारातच आहे आणि त्याने दुसरे नाटक लिहिलेले नाही.

यावर इलाज आपल्याच राज्यात एकदा झालेला आहे. पुण्याच्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेने नाटककार सतीश आळेकरांच्या कल्पनेतून दोन योजना राबवल्या होत्या. एक नाटककारांच्या विकासासाठी, दुसरी महाराष्ट्रातल्या प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासासाठी. १९८५ ते १९९४ या काळात त्यांना अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनचे अर्थसाहाय्य होते. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे की लेखक आणि संस्था या दोघांनाही घडायला वेळ आणि पैसा लागतो, हे कुणीतरी तेव्हा कागदावर मान्य केले होते. पुढे मुंबईत ‘रेज’ ही नाट्यसंस्था आणि लंडनचे रॉयल कोर्ट थिएटर यांनी मिळून लेखकांच्या कार्यशाळा घेतल्या, तिथेही भर पुनर्लेखनावर होता. परदेशी पैशावर तेव्हा नाके मुरडली गेली, आजही मुरडली जातील. मग आपला पैसा घाला ना! विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केले ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो तो ज्या प्रयोगाचा, तो मुंबई-पुण्याबाहेरचा होता आणि अनुदानावर झाला होता, असे म्हणायला हरकत नाही. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय संपला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. पण तोवर नाटके बसलेली होती, मंडळी तयार झालेली होती.

(पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीला मी यातून मुद्दाम वगळते. वडशाच्या कंपन्या दिवाळीनंतर गावोगावच्या मंडळांच्या बोलावण्यावर रात्र-रात्र प्रयोग करतात, तिकिटावर जगतात आणि दर हंगामाला नवी नाटके आणतात. त्यांना अर्ज कसा भरायचा ते शिकवायला कुणी जाऊ नये. त्यांची गरज वेगळी आहे, ती त्यांनाच विचारावी.)

माझे म्हणणे एवढेच की नाटक लिहिण्या-पुनर्लिहिण्याच्या काळासाठी, पडदा वर जाण्याआधीच, संस्थेला अनुदान मिळावे. आता त्याचा हिशेब. लेखकाला दरमहा १५ हजार रुपये, सहा महिने, म्हणजे ९० हजार. तालमीच्या जागेचे भाडे आणि दिवाबत्ती ३० हजार. संहितेचा जाणकार महिन्यातून एकदा बाहेरून येईल, त्याचे मानधन आणि प्रवास ३० हजार. नटांच्या चहापाण्याला, झेरॉक्सला, आणि दोन जाहीर वाचने करायला २० हजार. एका संस्थेला एक लाख ७० हजार. वर्षाला ३० संस्था घेतल्या तर ५१ लाख. कुठल्याही एका महोत्सवाच्या मांडवाचा आणि रोषणाईचा खर्च डोळ्यांसमोर आणा, मग ही रक्कम फार वाटते का ते ठरवा.

यात नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना यांना एक रुपयाही ठेवलेला नाही, आणि ते मुद्दाम. पैसे दिसले की आमची मंडळी आधी सुतार गाठतात. या अनुदानातून खिळासुद्धा घेता येऊ नये.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. सरकारचा पैसा आला की संहितेवर नजर येते. प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागतेच. त्याच्याही आधी, पहिल्या ड्राफ्टच्या पायरीवर, कुणी अधिकारी लाल पेन घेऊन बसणार असेल तर ही योजना नसलेली बरी. म्हणून निवड रंगकर्मींच्या समितीने करावी, तिच्यात निम्मी माणसे तरी विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकणातली असावीत. तिने विषय पाहावा, लेखकाची आधीची दहा-वीस पाने पाहावीत, संस्थेने आजवर काय केले ते पाहावे आणि पैसे द्यावेत. पुढचा हप्ता देताना नाटकात काय लिहिले आहे हे विचारू नये. वाचन झाले का, नंतर पुन्हा लिहिले का, एवढेच विचारावे. दोन्ही ड्राफ्ट शेजारी ठेवले की ते कुणालाही कळते.

आणि तीसपैकी वीस नाटके फसतील. फसू द्यात. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेने १९७४ पासून जे उभे केले, तिथेही प्रत्येक नाटक मोठे झाले नाही, जागा परवडणारी होती म्हणून तिथे फसून बघता आले. आम्हाला स्पर्धेत फसता येत नाही, कारण वर्षाचा एकच प्रयोग असतो आणि समोर परीक्षक बसलेले असतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अशी योजना आणायची झाली तर अर्ज फेब्रुवारीत मागवावेत आणि पहिला हप्ता एप्रिलमध्ये हातात पडावा. उन्हाळ्यात शाळांचे वर्ग तालमीला मिळतात, शिक्षक नट मोकळे असतात. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून २८ तारखेला चेक काढायचा आणि ३१ ला पैसे खर्च झाल्याचे वापर प्रमाणपत्र मागायचे, असे झाले तर आम्ही पावत्या गोळा करू, नाटक लिहिणार नाही.

आपली,
एक प्रॉम्प्टर, मराठवाडा