दुर्बिणीतून बघायला शिकवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

कुठली दुर्बीण घेऊ, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही कंपनीचं नाव सांगितलं नाहीत; आधी आकडे वाचायला शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र सर्वांसमोर लिहितोय, म्हणजे नव्याने शिकणाऱ्यांनाही ते वाचता येईल.

८×४२ म्हणजे आठ पट मोठं दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. तुम्ही ४२ ला ८ ने भागायला लावलंत. ५.२५ मिलिमीटर, ही डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी. १०×४२ मध्ये ती ४.२ वर येते. भर दुपारी डोळ्याची बाहुली लहान झालेली असते, तेव्हा हा फरक जाणवत नाही. पण बरीच जनावरं हालचाल करतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला, आणि नेमकी त्याच वेळी बाहुली मोठी होते, म्हणून रुंद झोत कामी येतो. शिवाय दहा पटीत हाताचा कंपही दहा पट दिसतो. मी आठ पटीची घेतली आणि त्या निर्णयावर खूश आहे.

आकडे तेच, मग किमतीत एवढा फरक का, हेही तुमच्यामुळे कळलं. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग बरेच. १९३५ मध्ये झाइस या जर्मन भिंग-कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी त्यावर परावर्तनरोधक लेपाचा उपाय काढला. लेप चांगला असेल तर सावलीतलं जनावर झुडपापासून वेगळं दिसतं.

दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, म्हणून डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक भरून काढणारं कडं, लावायची तुमची पद्धत इथे देतो. उजवं भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवायचं. मग डावं झाकायचं आणि चाकाला हात न लावता, त्याच वस्तूवर, उजव्या नेत्रिकेचं (डोळ्याकडच्या भिंगाचं) कडं फिरवायचं. चष्मा असेल तर नेत्रिकेवरचे रबरी कप खाली करायचे.

सगळ्यात जास्त ऋणी आहे ते एका नियमासाठी. झुडपामागे काय हललं, हे हातातल्या दुर्बिणीनेच बघायचं, रायफलवरच्या स्कोपने, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीने, कधीच नाही; कारण स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते, आणि तिथे माणूस असू शकतो. हे तुम्ही पहिल्याच दिवशी, बाकी काहीही शिकवण्याआधी सांगितलंत.

आता रेंजफाइंडरविषयी, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्राविषयी, विचारायचं आहे. उतारावर तो तिरकं अंतर मोजतो, त्यावरून आडवं अंतर कसं काढायचं? सवडीने सांगाल ना?

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी