नौदल दिनी आधी नावं, मग सत्कार

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

४ डिसेंबर जवळ आला. नौदल दिनाला गेट वे ऑफ इंडियासमोरच्या बँडचे आणि समुद्रात उभ्या असलेल्या जहाजांवरच्या रोषणाईचे फोटो आपल्या दैनिकात येतात. ते मी दरवर्षी कापून वहीत चिकटवतो. मी पंचवीस वर्षं नौदलात काढली, बहुतेक सगळी इंजिनरूममध्ये. १९८२ साली चिल्काला नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात गेलो, तिथून लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्याच केंद्रात इंजिनाचं शिक्षण झालं, मग जहाजं. चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परत आलो. आमच्या तालुक्यात घरटी एक फौजी, पण नौदलातले मोजके. त्यामुळे लोक अजूनही विचारतात, "तुमची पलटण कोणती?" आम्हाला पलटण नसते, आम्हाला जहाज असतं. दोन जुने नौसैनिक एसटी स्टँडवर भेटले तर एकमेकांचं नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, "कुठलं जहाज?"

आम्ही साठ-सत्तर जण नौदल दिनाला तालुक्याच्या गावी जमतो. कुणी ब्लेझर घालून, छातीवर पदकं लावून येतो, कुणी धोतर-टोपीत येतो. इंजिनरूममधले स्टोकर, सिग्नलमन, गनर, कुक, जहाजावर असताना ज्यांच्या मेसही वेगळ्या होत्या, ते एका पंगतीला बसतात. दुपारी बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, होतो. ज्यांना गुडघ्यांमुळे दोन पायऱ्या चढवत नाहीत, ते त्या दिवशी कुणी म्हातारा अधिकारी आत आला की ताडकन उभे राहतात. हे सगळं मला फार प्रिय आहे आणि ते असंच चालावं. पण तीन वर्षांपूर्वी त्या मेळाव्यात एक गोष्ट घडली, ती मला अजून सलते.

त्या वर्षी आमच्यातले अकरा जण गेले होते. त्यांची नावं कार्यक्रमात वाचायची असं ठरलं होतं आणि यादी माझ्याकडे होती. पाहुणे दीड तास उशिरा आले. मग स्वागत झालं, शाली आणि नारळ झाले, देणगीदारांचे सत्कार झाले, चार भाषणं झाली. एक वाजता हॉल रिकामा करून द्यायचा होता. सूत्रसंचालकाने जाहीर केलं की वेळेअभावी सर्व दिवंगतांना एकत्रित श्रद्धांजली वाहू या. लोक उभे राहिले, मिनिटभरात बसले आणि जेवणाच्या रांगेत गेले. दुसऱ्या रांगेत एक बाई बसून होत्या. दोन एसट्या बदलून, मुलाला घेऊन आल्या होत्या. मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला फोटो होता. मी जवळून जाताना त्यांनी विचारलं, "भाऊ, ह्यांचं नाव कधी घेणार?"

यादी माझ्या खिशात होती. मला काही बोलता आलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या सुभेदारसाहेबांनी मला त्यांच्या मेळाव्याला नेलं. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. त्यांचा दिवस ४ फेब्रुवारी, म्हणजे १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो दिवस. शाळेत आपण सगळेच शिकलो की गड आला पण सिंह गेला. पण तिथे बसल्यावर माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की या माणसांनी आपला दिवस म्हणून जी तारीख धरली आहे, तिच्यात दोन्ही आहे. गड आल्याचा आनंद साजरा करायचा तर सिंह गेल्याचं दुःख बाजूला ठेवताच येत नाही. शिवाजी महाराजांचा जयघोष झाला आणि त्यानंतर लगेच, पाहुण्यांच्या आधी, त्यांनी आपल्या माणसांची नावं घेतली.

आमच्याकडे मात्र या दोन गोष्टींच्या दोन तारखा आहेत. १९७१ च्या युद्धात ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडाली आणि आपण एकही माणूस गमावला नाही. त्या ऑपरेशन ट्रायडंटची आठवण म्हणून आपण ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतो. ८ तारखेच्या रात्री विनाश या नौकेने कराचीवर पुन्हा हल्ला केला. आणि ९ तारखेच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने आपली आयएनएस खुकरी ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, एकूण १९४. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिल्याचं आम्ही भरती झाल्यापासून ऐकत आलो, आणि आमच्यातल्या प्रत्येकाने ते कधी ना कधी आपल्या मुलांना सांगितलेलं आहे.

मी त्या वेळी सात वर्षांचा होतो, मला ते युद्ध म्हणजे काळा कागद लावलेल्या खिडक्या एवढंच आठवतं. पण पुढे इंजिनरूममध्ये काम करायला लागल्यावर खुकरीचा विचार माझ्या डोक्यातून गेला नाही. इंजिनरूम पाण्याच्या पातळीखाली असते. वर येण्याच्या शिड्या उभ्या, लोखंडी, तेलाने कायम थोड्या निसरड्या. दिवे बंद करून, हाताने चाचपत वर यायचा सराव आम्ही करायचो. उजेडात ज्या शिडीला काही सेकंद लागतात, तिला अंधारात किती वेळ लागतो हे मी स्वतःच्या हाताने मोजलेलं आहे, आणि तेही जहाज सरळ उभं असताना. खुकरी काही मिनिटांत बुडाली. खाली वॉचवर, म्हणजे पाळीवर, असलेल्यांना किती वेळ मिळाला असेल? या १७६ नाविकांपैकी कितीतरी जण माझ्यासारखेच शेतकऱ्याघरचे, समुद्र पहिल्यांदा भरतीनंतर पाहिलेले असतील. त्यांच्या घरी ना पार्थिव आलं, ना अस्थी. ज्याची समाधी नाही, त्याला जिवंत ठेवायला त्याचं नाव तेवढं उरतं.

म्हणून आम्ही आमच्या मेळाव्याचा क्रम बदलला. आता सकाळी नऊ वाजता नावं. पाहुणे आले असोत किंवा नसोत.

आमच्यापैकी एकाने पितळी घंटा आणली आहे. आदल्या रात्री ब्रासो लावून ती इतकी घासतो की तिच्यात तोंड दिसतं. वाचकांना सांगायला हवं की जहाजावर वेळ घंटेवर चालायची. चार तासांची वॉच, दर अर्ध्या तासाला एक ठोका वाढत जातो. आठ ठोके पडले की वॉच संपली, बदली माणूस आला, आता तू विश्रांती घे. ठोके जोडीने द्यायचे असतात: टण-टण, टण-टण, टण-टण, टण-टण. गेलेल्या नौसैनिकासाठीही हेच आठ ठोके. आमच्याकडे एक जण नाव वाचतो: हुद्दा, नाव, ब्रँच, शेवटचं जहाज. सगळी नावं झाली की घरच्यांपैकी कुणीतरी घंटा वाजवतं.

नाव वाचणं सोपं वाटतं, पण तसं नाही. नौदलाच्या कागदांवर नावं इंग्रजीत असतात आणि इंग्रजीत 'काळे' आणि 'काले' सारखेच दिसतात. मी आता प्रत्येक घरी आधी फोन करतो. वडिलांचं नाव विचारतो, गावाचं नाव विचारतो, आणि फोनवर एकदा संपूर्ण म्हणून दाखवतो. एका आईने मला तीन वेळा दुरुस्त केलं. मी ज्या अक्षरावर जोर देत होतो तिथे तो नव्हता. चौथ्यांदा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "हां, आता माझा झाला."

माझा स्वतःचा एक शिपमेट त्या यादीत आहे. घरच्यांना न विचारता त्याचं नाव छापायला देणं मला बरोबर वाटत नाही. आम्ही चार वर्षं एका जहाजावर होतो, माझी वॉच संपली की तो मला सोडवायला यायचा. वॉच बदलायला दहा मिनिटं आधी यायची रीत आहे, तो पंधरा मिनिटं आधी यायचा, हातात माझ्यासाठी चहाचा मग घेऊन. रात्री बारा ते चारच्या वॉचनंतर तो मग काय असतो हे ज्याने ती वॉच केली त्यालाच कळेल. निवृत्तीनंतर तो एका कारखान्यात बॉयलरवर कामाला लागला आणि एक दिवस झोपेतच गेला. मला कळलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. खाली चाळीस जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती, आणि त्याच्यानंतर लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मला कुणाला दोष द्यायचा नाही, मीही तेच चित्र टाकलं होतं. पण त्या डिसेंबरात मी त्याचं नाव उभं राहून, मोठ्याने, त्याच्या जहाजासकट घेतलं, तेव्हा या वेळी मी त्याला वॉचवरून सोडवलं असं वाटलं.

काही जण म्हणतात की युद्धात पडलेल्यांचीच नावं घ्यावीत, सगळ्यांची कशाला. मला हे पटत नाही. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत गोदीत उभ्या असलेल्या सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाला आणि १८ जण गेले. त्या दिवशी युद्ध कुठे होतं? समुद्र, वाफ, दारूगोळा आणि वीज यांच्याबरोबर राहणाऱ्या माणसाला शांततेचा काळ असा वेगळा नसतो. आणि जो पंचवीस वर्षं राबून घरी परतला व म्हातारपणी गेला, तोही आमचाच. घंटा सगळ्यांसाठी एकच.

आता आपल्याकडे मागणं. ४ तारखेला आपण फोटो छापताच. ७ तारखेला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून चालत आलेला. शाळेतली मुलं लाल, गडद निळ्या आणि फिक्या निळ्या पट्ट्यांचे झेंडे लावतात, निधी जमतो, त्याचीही बातमी येते. ९ तारीख मात्र रिकामी जाते. त्या दिवशी आतल्या पानावर का होईना, खुकरीसाठी चौकट द्यावी. दीवला खुकरीचं स्मारक आहे. त्याच नावाची नंतरची युद्धनौका निवृत्त झाल्यावर तीही तिथेच नेऊन ठेवली आहे. आपले कितीतरी वाचक सुटीत दीवला जातात, समुद्र बघून परत येतात. तिथे उभं राहून समोरच्या पाण्याकडे बघताना त्यांना माहीत असायला हवं की तिकडे आपली १९४ माणसं आहेत. आणि आपल्या जिल्ह्यातलं कुणी त्या जहाजावर असेल तर त्यांच्या घरच्यांची परवानगी घेऊन नाव, गाव छापावं. बरोबर उच्चारासकट.

माझ्यासारखेच मेळावे भरवणाऱ्या सगळ्या माजी सैनिकांना, मग ते कुठल्याही दलाचे असोत, हात जोडून सांगणं आहे की नावं सकाळी पहिल्यांदा घ्या. पाहुण्यांना थांबायला सांगा. एकही पाहुणा रागावलेला मी पाहिलेला नाही. गेल्या वर्षी तर आलेले पाहुणे नावं संपेपर्यंत दारातच सावधानमध्ये उभे राहिले.

त्या दुसऱ्या रांगेतल्या बाईंच्या घरी मी पुढच्याच वर्षी गेलो होतो आणि माफी मागितली होती. त्या वेळी त्यांची तब्येत बरी नव्हती, येणं जमलं नाही. परवा त्यांचा फोन आला की या ४ तारखेला त्या येताहेत आणि ठोके त्यांचा मुलगा देणार आहे. तो रविवारी येऊन माझ्याकडे सराव करून गेला. सुटे सुटे आठ ठोके द्यायचा, जोडी जमत नव्हती. पाच-सहा वेळा चुकला, मग जमलं. जाताना त्याने विचारलं, "काका, बाबांचं जहाज कुठलं म्हणून वाचणार?" मी यादीतलं नाव दाखवलं. त्याने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक,
जिल्हा सातारा